चालत्या रथावरून रस्त्यावर पाडलेलं चित्र पुसट का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका गणेश मंडळाने विसर्जनाच्या रथावर ८० वॅटचा एलईडी गोबो प्रोजेक्टर बसवला. (गोबो म्हणजे दिवा आणि लेन्सच्या मध्ये बसवायचा पत्र्याचा किंवा काचेचा साचा, त्याचंच चित्र समोर पडतं.) लेन्स रस्त्यापासून अडीच मीटर उंच. मंडळाचं नाव आणि मोरया गाडीच्या पुढे दोन ते पाच मीटरच्या पट्ट्यात रस्त्यावर पाडायचं होतं. गोडाऊनच्या भिंतीवर चित्र लख्ख आलं. रस्त्यावर मात्र मधला भाग बरा आणि दोन्ही टोकं पुसट, आणि मिरवणूक निघाल्यावर तर नावच वाचता येईना. विकणारा म्हणतो, गाडी चालते म्हणून असं होतं, जास्त किमतीची लेन्स घ्या. घ्यावी का?

नका घेऊ. भिंतीवर चित्र कोपऱ्यापर्यंत लख्ख येतंय, म्हणजे लेन्स निर्दोष आहे. नवी लेन्स लावली तरी रस्त्यावर तेच होणार, फक्त खिसा हलका होऊन होणार.

मी नाटकांच्या दिव्यांपासून सुरुवात केली आणि गेली वीसेक वर्षं मिरवणुकीच्या गाड्या करतो. या तक्रारीत सगळे पहिला संशय गाडीच्या वेगावर घेतात. पण प्रोजेक्टर गाडीवरच आहे, चित्र गाडीबरोबरच पुढे जातं. गाडीच्या हिशेबाने ते जागचं हलतच नाही, त्याच्याखालून रस्ता सरकतो. विसर्जनाची गाडी चालते ती माणसाच्या चालीने, आणि कडेला उभ्या माणसाची नजर त्या चालीने चित्रामागे सहज फिरते. वेगामुळे डोळ्याला चित्र पुसट दिसत नाही. मोबाइलला दिसतं, पण ती वेगळी गोष्ट, शेवटी सांगतो.

चित्र बिघडतं ते दोन कारणांनी. एक, प्रोजेक्टर रस्त्याकडे तिरका बघतो. दोन, तो हलतो: इंजिन-जनरेटरने थरथरतो आणि गाडीबरोबर डुलतो. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी रोग ओळखा. एखाद्या रात्री गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन बंद, जनरेटर बंद, प्रोजेक्टरला घरातून वायर ओढून वीज द्या. आता टोकं पुसट दिसली तर दोष तिरकेपणाचा. मग जनरेटर आणि इंजिन चालू करा. बटण दाबताक्षणी अक्षरांच्या कडा जाड झाल्या तर दोष थरथरीचा. मग गाडी पन्नास फूट चालवा. चित्र आख्खं पुढे-मागे नाचत असेल तर दोष गाडीच्या डुलण्याचा. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे तिन्ही आहेत, पण काळजी नको, बहुतेकांकडे तिन्हीच असतात.

आधी तिरकेपणा. लेन्स जे स्पष्ट चित्र उभं करते ते एका सपाट पातळीवर, आणि ती पातळी गोबोला समांतर असते. भिंत गोबोला समांतर असते म्हणून भिंतीवर सगळं जमतं. रस्ता समांतर नसतो. तुमच्या मापांनी बघा: लेन्सपासून चित्राची जवळची कड ३.२ मीटरवर आहे आणि लांबची ५.६ मीटरवर. फोकस कुठेतरी चार मीटरच्या आसपास लावला की मधला पट्टा स्पष्ट होतो. लेन्सचं तोंड ४० मिलिमीटरचं धरलं, तर जवळच्या कडेला प्रत्येक बिंदूचा साधारण ९ मिलिमीटरचा ठिपका होतो आणि लांबच्या कडेला १५ मिलिमीटरचा. शिवाय लांबच्या कडेला उजेड रस्त्यावर इतका तिरका पडतो की तोच ठिपका रस्त्याच्या लांबीत ३३ मिलिमीटर ताणला जातो. तुमच्या अक्षराची रेघ चार-पाच सेंटिमीटरची असेल, तर तिला तीन सेंटिमीटरची झालर लागली. वाचणार कसं?

इथे एक गैरसमज सगळीकडे आढळतो. व्हिडिओ प्रोजेक्टरवाले सांगतात, कीस्टोन करा, म्हणजे सगळं सरळ होईल. कीस्टोनने चित्राचा आकार सरळ होतो. टोकाला रुंद झालेलं चित्र आतल्या आत दाबून चौकोनी करतात, एवढंच ते काम. फोकसची पातळी जिथे होती तिथेच राहते. चित्र चौकोनी आणि पुसट मिळतं. उलट कीस्टोनमध्ये बरेच पिक्सेल वाया जातात, म्हणजे धारही थोडी कमीच होते.

खरा उपाय एकशेवीस वर्षांचा जुना आहे. ऑस्ट्रियाचा लष्करी अधिकारी टेओडोर शाइम्पफ्लूग हा फुग्यातून जमिनीचे फोटो काढून त्यावरून नकाशे करण्याच्या मागे होता. फुग्यातला कॅमेरा कधीच सरळ खाली बघत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे तुमचाच प्रश्न उलट्या बाजूने उभा होता. १९०४ च्या पेटंटमध्ये त्याने ही युक्ती मांडली. त्याआधी १९०१ मध्ये ज्यूल कार्पाँतिए या फ्रेंच माणसानेही ती सांगितली होती, आणि शाइम्पफ्लूगने त्याचा उल्लेखही केला, पण नाव मात्र शाइम्पफ्लूगचंच राहिलं. युक्ती अशी: गोबोची पातळी, लेन्सची पातळी आणि रस्त्याची पातळी, या तिन्ही कल्पनेने वाढवल्या तर एकाच रेषेत भेटल्या पाहिजेत. तसं झालं की रस्ता अथपासून इतिपर्यंत फोकसमध्ये येतो.

म्हणजे करायचं काय? गोबो लेन्सच्या मागे थोडा कलवायचा. किती, ते ऐकून हसाल. लेन्स १०० मिलिमीटर फोकल लांबीची असेल, तर जवळच्या कडेसाठी गोबो लेन्सपासून १०३.३ मिलिमीटरवर हवा आणि लांबच्या कडेसाठी १०१.९ वर. फरक जेमतेम १.४ मिलिमीटर. गोबोवरचं चित्र ४५ मिलिमीटर उंच असेल तर हा कल होतो १.८ अंश. बावीस गेजचा पत्रा ०.७ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या दोन पट्ट्या गोबोच्या कडीखाली एका बाजूला सरकवल्या की काम झालं. दिशा चुकवू नका: चित्र लेन्समधून उलटं होतं, म्हणून रस्त्यावरची जवळची कड म्हणजे गोबोची वरची कड. वरची कड लेन्सपासून मागे जायला हवी. उलट बसवलं तर पुसटपणा दुप्पट होतो, पण त्यातून निदान कळतं तरी की पट्टी उलटी बसलीय.

पट्टी पत्र्याचीच घ्या. एका उत्साही कार्यकर्त्याने जुन्या एटीएम कार्डाचे तुकडे घातले होते. जाडी अगदी बरोबर, कार्ड पाऊण मिलिमीटरचंच असतं. अर्ध्या तासात ते वितळून गोबोला चिकटलं आणि सगळी जोडणी कुरतडून काढावी लागली. दिवा एलईडीचा असला तरी गोबोच्या जागी उष्णता बरीच असते.

काही प्रोजेक्टरांमध्ये गोबोची खाच इतकी आवळ असते की पट्टी जातच नाही. तिथे लेन्सची नळी पुढच्या पत्र्याला ज्या स्क्रूंनी धरलेली असते त्याखाली वॉशर घालून नळीच कलवता येते. तेही जमत नसेल तर लेन्सचं तोंड लहान करा. काळ्या पत्र्याला २० मिलिमीटरचं गोल भोक पाडून तो लेन्सच्या आत, भिंगांच्या मधोमध बसवायचा. नुसता तोंडावर लावला तर चित्राचे कोपरे काळवंडतात. वर जे ठिपक्यांचे आकडे दिले ते सगळे निम्मे होतील, कारण पुसटपणा ठरतो तो लेन्सच्या तोंडाच्या रुंदीवर. पण उजेड चौथाई होईल. ऐंशी वॅटच्या दिव्याला हे परवडत नाही. म्हणून मी आधी कल देतो, आणि भोकाचा पत्रा नाइलाज म्हणून वापरतो.

जाता जाता: महागड्या गाड्यांचं दार उघडलं की खाली उजेडाचा गालिचा पडतो, तो तुम्ही पाहिला असेल. बीएमडब्ल्यूने २०१५ च्या सेव्हन सिरीजमध्ये तो दिला. त्यात एक मोठी लेन्स नसते, अगदी बारीक लेन्सची जाळी असते आणि प्रत्येक लेन्समागे चित्राची आपली चिमुकली प्रत असते. सगळ्या प्रती रस्त्यावर एकावर एक बसतात. प्रत्येक लेन्सचं तोंड बारीक, म्हणून जवळ-लांब सगळं स्पष्ट. आणि लेन्स पुष्कळ, म्हणून उजेडही पुरेसा. जर्मनीत येना इथल्या फ्राउनहोफर संस्थेत या तंत्रावर बरंच काम झालं. फार हुशार गोष्ट आहे, पण दाराखालच्या तीन-चार फुटांसाठी. आपल्या तीन मीटरच्या मोरयाला ती पुरणार नाही, आणि बाजारात स्वस्तात मिळणारे दाराचे लोगो-दिवे जोडून मोठं चित्र होईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता एक फुकटचा उपाय. चित्र गाडीच्या जवळ ओढा. दोन ते पाचऐवजी एक ते तीन मीटरच्या पट्ट्यात घ्या. लांबी तीनची दोन मीटर होते हे खरं, पण बदल्यात काय मिळतं बघा. जवळची कड लेन्सपासून २.७ मीटर, लांबची ३.९. अंतरातली तफावत घटल्याने कल थोडा इकडे-तिकडे झाला तरी चालतो. उजेडही सारखा पडतो. आधीच्या मांडणीत लांबच्या कडेला जवळच्या कडेच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी उजेड पोचतो. लेन्समधून खरोखर ३००० ल्यूमेन (एकूण उजेडाचं माप) बाहेर पडत असतील तर जवळ १२०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि लांब फार तर सव्वादोनशे. मोठ्या रस्त्यावरच्या दिव्यांचेच वीस-तीस लक्स तिथे आधी पसरलेले असतात, वर दुकानांच्या पाट्या आणि मांडवांची रोषणाई. लांबची कड तिथे धुऊन निघते आणि लोकांना वाटतं फोकस गेला. जवळच्या मांडणीत हा फरक तिप्पटीवर येतो. तिसरा फायदा डुलण्यात, तो पुढे येतोच.

(कागदावरच्या हिशेबात न बसणारी अडचण म्हणजे रथाच्या पुढे ढोल-ताशा पथक असतं. पुढे तीन मीटर रस्ता मोकळा मिळेल असं कुठल्याही मंडळाने मला आजवर खात्रीने सांगितलेलं नाही. मी शक्य तिथे चित्र गाडीच्या मागे पाडतो. मागे दोरी धरलेले कार्यकर्ते असतात, त्यांच्या आतली जागा आपोआप मोकळी राहते.)

आकाराबद्दल थोडंच सांगतो. तुमच्या मूळ मापांत लांबची कड जवळच्या कडेच्या पावणेदोन पट रुंद होणार, आणि गोबोचा वरचा अर्धा भाग रस्त्यावर १.१ मीटर व्यापणार तर खालचा अर्धा १.९ मीटर. हे गोबो बनवतानाच उलटं ताणून घ्यायचं. चौकटींचा एक साधा गोबो आधी पाडून बघा, रस्त्यावर टेपने मापं घ्या आणि ती डिझाइन करणाऱ्याला द्या. डोळ्याच्या अंदाजाने हे जमत नाही. पत्र्याचा गोबो कापत असाल तर देवनागरीत म, स, व, क या अक्षरांच्या पोटातला पत्रा गळून पडतो, त्याला बारीक दांडीने धरून ठेवावं लागतं. त्या दांड्या रस्त्यावर आडव्यापेक्षा उभ्या, म्हणजे गाडीच्या दिशेने, कमी खुपतात. पैसे असतील तर काचेचा गोबो घ्या, ही कटकटच राहत नाही.

आता थरथर. हे प्रकरण मला सगळ्यात महागात पडलं होतं. एका वर्षी दोन रात्री मी फोकस शोधत होतो. पट्ट्या बदलल्या, लेन्स पुसली, गोबो बदलला, कडा काही केल्या जाड त्या जाडच. दुसऱ्या रात्री जनरेटरचं डिझेल संपलं. वायरमनने प्रोजेक्टर शेजारच्या घराच्या विजेवर घेतला आणि चित्र एका क्षणात सुरीसारखं झालं. जनरेटर त्याच ट्रकच्या हौद्यात ठेवलेला होता. तो मिनिटाला १५०० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला २५, आणि त्याच तालावर प्रोजेक्टर थरथरत होता. सेकंदाला २५ वेळा हललेलं डोळ्याला हलताना दिसत नाही, तिथे फक्त जाड, मऊ कड दिसते. म्हणून माणूस फोकसच शोधत बसतो.

किती थरथर चालते? तुमच्या मांडणीत प्रोजेक्टर अंशाच्या विसाव्या भागाने कलला तरी लांबची कड एक सेंटिमीटरहून जास्त सरकते. हे मोजायची सोपी तऱ्हा आहे. खेळण्यातला साधा लेझर पॉइंटर प्रोजेक्टरच्या अंगाला चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि दहा मीटरवरच्या भिंतीवर त्याचा ठिपका पाडा, समोर कुणी उभं नाही हे बघून. इंजिन चालू केल्यावर ठिपक्याची उभी रेघ झाली आणि ती एक सेंटिमीटर लांब असली, तर थरथर अंशाच्या विसाव्या भागाहून किंचित जास्त आहे. रेघ अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आली की मी पुढे छेडछाड करत नाही.

पहिलं काम, जनरेटर वेगळ्या ट्रॉलीवर. हे करता आलं तर निम्मा प्रश्न सुटतो. दुसरं, डीजेचे बेस ज्या हौद्यावर असतील त्याला प्रोजेक्टर लावू नका. बेसच्या ठोक्याला पत्रा थरथरतो आणि अक्षरं गाण्याच्या तालावर फुगतात. तिसरं, प्रोजेक्टर ज्या पाईपवर आहे तो बघा. नव्वद टक्के मंडळं केबिनच्या टपावरून एक लांब पाईप पुढे काढतात आणि त्याच्या टोकाला प्रोजेक्टर लटकवतात. तो पाईप म्हणजे मासे पकडायची काठी. टोकाला आठ किलो वजन असलं की त्याचा स्वतःचा झोका कुठेतरी इंजिनाच्या तालाशी जुळतो आणि थरथर कैक पटीने वाढते. फॅब्रिकेटरला सांगून दोन्ही बाजूंनी तिरके ताणे द्या, त्रिकोण तयार झाला पाहिजे. आणि पाया केबिनवर न घेता हौद्याच्या चौकटीवर, खाली चासीपर्यंत उतरवा. बऱ्याच ट्रकांची केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, ती चासीपेक्षा वेगळीच हलते.

रबराबद्दल सगळे विचारतात. क्लॅम्पखाली ट्यूबचा तुकडा घालून बोल्ट आवळला तर ते रबर नसल्यातच जमा. रबराने २५ च्या तालाची थरथर अडवायची तर प्रोजेक्टर त्याच्यावर निवांत डुलणारा हवा, सेकंदाला आठ-दहा झोक्यांच्या हिशेबाने. त्याची खूण अशी की नुसत्या वजनाने रबर तीन-चार मिलिमीटर दबलं पाहिजे. पण इतक्या मऊ रबराचे पाय एकमेकांजवळ बसवले तर प्रोजेक्टर मागे-पुढे डोकं हलवायला लागतो, म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट. इथे मी माझ्या पोरांना एकच वाक्य सांगतो: हलू दे, पण कलू देऊ नको. प्रोजेक्टर सरळच्या सरळ एक मिलिमीटर वर-खाली झाला तर चित्रही फक्त एक-दोन मिलिमीटर हलतं, ते कुणाला दिसत नाही. पण तो कलला तर कोनाचा गुणाकार होतो. म्हणून रबरी पाय चार घ्या आणि ते प्रोजेक्टरपेक्षा मोठ्या पाटावर, चार कोपऱ्यांत लांब लांब बसवा. पाट जड असला तर उत्तमच. मी जुन्या ग्रॅनाइटच्या ओट्याचा तुकडा वापरतो.

आरसा वापरून प्रोजेक्टर आडवा ठेवायची कल्पना कुणी काढली तर सोडून द्या. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट उजेड कलतो. शिवाय घरातल्या आरशाला चकचकीत लेप काचेच्या मागे असतो, पुढच्या काचेचं दुसरं फिकं चित्र त्यात मिसळतं.

प्रोजेक्टरच्या आतही बघा. फोकसची नळी बोटाने फिरत असेल तर मिरवणुकीत ती आपोआप फिरणार. फोकस लावायचा तो दिवा अर्धा तास जळल्यावर, कारण गरम झाल्यावर सगळं थोडं सरकतं. मग नळीवर आणि खोक्यावर मार्करने एक सलग रेघ ओढायची आणि स्क्रू आवळायचा. गर्दीत रेघ तुटलेली दिसली की लगेच कळतं.

उरलं डुलणं. हे पूर्ण जात नाही. क्लच सोडला की गाडीचं नाक वर, ब्रेक दाबला की खाली, खड्ड्यात चाक गेलं की दोन्ही. स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेली गाडी सेकंदाला एक-दोन झोके घेते, आणि एवढ्या सावकाश झोक्यामागे नजर जाते, म्हणून चित्र पुसट न होता नाचतं. आता जवळ ओढण्याचा तिसरा फायदा. गाडी एक अंश कलली तर पाच मीटरवरची कड २२ सेंटिमीटर सरकते, तीन मीटरवरची साडेदहा. निम्म्याहून कमी, आणि एक रुपया न खर्चता. याशिवाय चालकाला पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट न खेळवता चालवायला सांगा, किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर हूकमधली ढील लाकडी पाचर मारून काढा. बैलांच्या रथाला इंजिनच नाही, तिथे मी केलेलं चित्र आजवरचं सगळ्यात स्थिर होतं.

प्रोजेक्टर साखळीला टांगला तर तो लोलकासारखा नेहमी सरळच राहील, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं होतं. पहिल्याच वर्षी टांगला. चालकाने हलकासा ब्रेक मारला आणि गणपतीचं चित्र रस्त्यावरून उठून समोरच्या झांजवाल्यांच्या पाठीवर गेलं. टांगलेल्या वस्तूला गाडीचा झटकाही गुरुत्वाकर्षणासारखाच लागतो. गुरुत्वाच्या दहाव्या हिश्श्याचा ब्रेक, म्हणजे अगदी सौम्य, तरी लोलक पावणेसहा अंश कलतो. पाट्यांवरची गाडी तेवढ्या ब्रेकला त्याच्या आसपासही जात नाही. कॅमेरा स्थिर धरणारे नेहमीचे गिंबल हलक्या वजनासाठी असतात, आठ किलोला त्यांच्या मोटारी दमतात.

रस्त्याचं आणि हवेचंही थोडं. नवं काळं डांबर पडलेला उजेड बराचसा गिळतं, सिमेंटच्या रस्त्यावर तेच चित्र कितीतरी उठून दिसतं. मार्गात दोन्ही असतील तर मुख्य चौक कुठल्या रस्त्यावर आहे ते बघून उजेड ठरवा. ओल्या डांबरावर मात्र कुठलीच लेन्स चालत नाही. पाण्याचा थर उजेड आरशासारखा पुढे फेकतो, बघणाऱ्याच्या डोळ्याकडे काही परत येत नाही. भाद्रपदातली सर आली की मी प्रोजेक्टर सरळ बंद करतो. आणि गुलाल! लेन्सवर गुलालाची पूड बसली की काळा भाग गुलाबी-करडा होतो आणि सगळे म्हणतात फोकस गेला. लेन्सला वीतभर लांब काळ्या पत्र्याची नळी लावा. पूड बसलीच तर आधी रबरी फुग्याने फुंकून उडवा, उपरण्याने पुसू नका. गुलालात काय मिसळलेलं असतं देव जाणे, काचेवर ओरखडे पडतात.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की लेझरने चित्र काढा, त्याला फोकस लागतच नाही. ते खरं आहे. लेझरचा किरण मुळातच बारीक असतो आणि आरशांनी तो फिरवून रेघा काढतात, त्यामुळे जवळ-लांब सगळीकडे धार सारखी. पण गाडी उडाली की तो किरण रस्त्यावरून उठून लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. मिरवणुकांत लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी झाल्या आहेत आणि पुण्यासह काही शहरांत पोलिसांनी गणेशोत्सवात लेझरवर बंदीचे आदेश काढलेले आहेत. मी ते काम घेत नाही, कितीही पैसे दिले तरी. गोबोसुद्धा रहदारी बंद केलेल्या मिरवणूक मार्गावरच लावा. गाडी घरी नेताना बंद.

मोबाइलचं म्हणालो होतो. रात्री मोबाइल एकेक चित्र साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागात टिपतो. ताशी पाच किलोमीटरने चालणारी गाडी तेवढ्यात २८ मिलिमीटर पुढे जाते. म्हणजे कडेला स्थिर उभं राहून काढलेल्या व्हिडिओत अक्षराला तीन सेंटिमीटरची झालर लागणारच, प्रत्यक्षात ते कितीही रेखीव असो. अध्यक्षांना व्हिडिओ दाखवायचा असेल तर कार्यकर्त्याला गाडीवरच, चित्र ज्या बाजूला पडतं त्या बाजूला बसवून वरून शूट करायला सांगा. तिथून चित्र जागचं हलत नाही.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: जनरेटर उतरवा, चित्र एक ते तीन मीटरवर घ्या, पाईपला ताणे द्या, आणि मग गोबोला कल. चित्र जवळ घेतल्यावर कल थोडा कमी लागेल: १०० मिलिमीटरच्याच लेन्सला साधारण सव्वा ते दीड अंश. दोन पट्ट्यांपासून सुरुवात करा आणि टोकं बघत एखादी पातळ करा. रस्त्यावर दर अर्ध्या मीटरला खडूने रेघ आखून ठेवा, म्हणजे कुठली कड आधी स्पष्ट होतेय ते नीट कळेल.